जागे असाल तर एक दाबा

नागोराव मुनेश्वर हे कंपनीच्या साऱ्या मध्य विभागातले सर्वांत सुरक्षित ड्रायव्हर ठरले, तेव्हा गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी चालवलेलं एकमेव वाहन म्हणजे गिरणीवर दळण न्यायची सायकल होती. तीही उतार आला की ते हातात धरून नेत.

बातमी आदल्या दिवशी मोबाईलवर आली होती. आज दुपारी केळापूरच्या टोलनाक्याजवळ, पार्सलच्या यार्डात सत्कार होता. सकाळपासून नागोराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि सत्यभामाबाई त्यांच्या मिशीला कलप लावत होत्या. त्यांची धाकटी जाऊ शीला चुलीशी वडे तळत होती. हे दृश्य खिडकीतून दिसू नये म्हणून तिने दोनदा पाठ फिरवली, पण कढई दुसऱ्या बाजूने तळू देईना.

"शीले, वडे जरा खरपूस काढजो," सत्यभामाबाई अंगणातून म्हणाल्या. "नागपूरची मॅडम येऊन राह्यली. ह्यायच्यासाठी."

"खरपूसच हायेत, बाई."

"काल पिवये होते."

काल ते कोणासाठीच नव्हते, म्हणून पिवळे चालले होते. शीलाने चुलीत लाकूड सारलं. या घरात ती सून होऊन आल्यापासून न बोलण्यावरच निम्मा संसार झाला होता.

हा बहुमान घरात कसा शिरला, हे समजायला शीलाचा नवरा फुलचंद काय काम करतो ते सांगावं लागेल. फुलचंद वायुवेग पार्सल कंपनीचा कंटेनर चालवायचा. नागपूरहून निघालेला कंटेनर केळापूरला त्याच्या ताब्यात यायचा, तो हैदराबादच्या पुढे बंगळूरपर्यंत न्यायचा, आणि तिथून दुसरा घेऊन परत. कायद्याने एका माणसाने आठ तासांवर गाडी हाकायची नाही, म्हणून कंपनी प्रत्येक गाडीमागे दोन ड्रायव्हर मोजायची. यार्डाचा ठेकेदार पूनमसिंग राठोड त्यातला एक गाडीवर धाडायचा आणि दुसरा कागदावर ठेवायचा. कागदावरच्या ड्रायव्हरला चहा लागत नाही, तो सुट्टी मागत नाही आणि पगार पूनमसिंगबरोबर वाटून घेतो. सगळ्या यार्डाचा हाच रिवाज होता. कोणाचा साळा, कोणाचा मामा. फुलचंदच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचा थोरला भाऊ होता, कारण नागोरावांकडे लायसन होतं.

लायसन असणं आणि गाडी येणं यांचा संबंध नागोरावांच्या बाबतीत तारुण्यातच तुटला होता. त्यांचे वडील, आबाजी, एस.टी.च्या पांढरकवडा आगारात ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा पितळी बिल्ला बाबासाहेबांच्या फोटोखाली, आबाजींच्या फोटोला अजून लटकत होता. थोरल्यानेही एस.टी.त लागावं ही आबाजींची इच्छा. परीक्षेच्या दिवशी बस मागे घेताना नागोरावांनी आगाराची भिंतच पाडली. भिंत नंतर बांधून घेतली. नागोराव मात्र पुन्हा स्टिअरिंगमागे बसले नाहीत. फक्त लायसनची मुदत संपली की ते यवतमाळला जाऊन न चुकता वाढवून आणायचे, जसं कोणी बंद घराची घरपट्टी भरत राहावं.

गाडीत समोरच्या काचेखाली कंपनीने एक डबी बसवली होती. ती बाईच्या आवाजात बोलायची, म्हणून ड्रायव्हर तिला 'बाई' म्हणायचे. ड्रायव्हर बदलला की नव्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर आकडे यायचे. ते बाईला सांगितले की पुढची गाडी त्याच्या नावावर. मग दिवस मावळायला आला की दर थोड्या वेळाने बाई त्याच मोबाईलवर फोन करायची: "नमस्कार. जागे असाल तर एक दाबा." तीनदा कोणी एक दाबला नाही, तर गाडीचा वेग आपोआप बैलबंडीवर यायचा, आणि एकदा बाजूला उभी राहिली की रात्रभर विश्रांती झाल्याशिवाय बाई ती सुरू होऊ द्यायची नाही.

दिवसभर गाडी फुलचंदच्या नावावर असायची. अंधार पडला की नागोरावांच्या मोबाईलवर आकडे यायचे. ते लगेच फुलचंदला फोन लावायचे, "घे फुल्या, लिही," आणि आकडे सांगायचे. मग खाटेवर बसून रात्रभर एक दाबायचे. म्हणजे गाडी फुलचंद चालवायचा आणि जागे असल्याचं उत्तर नागोराव द्यायचे. एका गाडीपायी दोन भाऊ रात्र रात्र जागत, आणि कंपनीच्या लेखी दोघंही आळीपाळीने छान झोपत.

बाई गुणही द्यायची. ब्रेक करकचून मारला की गुण कापायची. दिवसा रस्त्यावर पाटणबोरीच्या बकऱ्या, शाळेची पोरं, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर. बाईला बकरी दिसत नसे, ब्रेक दिसायचा. जितक्या बकऱ्या वाचल्या तितके फुलचंदचे गुण गेले. रात्री रस्ता मोकळा. त्यामुळे नागोरावांना शंभरात नव्व्याण्णव. उरलेला एक गुण कशाचा गेला, यावर ते काल संध्याकाळभर विचार करत बसले होते.

"प्रियंका, ते पुन्हा वाच बरं," नागोराव ओठ न हलवता म्हणाले. मिशी ओली होती.

त्यांची पोरगी प्रियंका यवतमाळच्या कॉलेजात शिकायची. तिने मोबाईल हातात घेतला. "'श्री. नागोराव आबाजी मुनेश्वर यांची संयमी, सजग वाहनशैली सर्व चालकांसाठी आदर्श आहे.' झालं, बाबा. पाचव्यांदा वाचलं."

"सजग म्हंजे?"

"जागा."

"ते खरं हाय," नागोराव गंभीरपणे म्हणाले. "जागतो तर मी."

"खालचं बी वाच न," शीला आतून म्हणाली. "खालचं कोनीच वाचून नाही राह्यलं."

प्रियंकाने काकूकडे पाहिलं आणि आवाज उतरवून वाचलं. फुलचंद मुनेश्वर यांचे गुण असमाधानकारक असल्याने आजपासून श्री. नागोराव हे गाडीचे पहिले चालक राहतील. श्री. फुलचंद दुसरे चालक म्हणून त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करतील. महिनाभरात सुधारणा न दिसल्यास त्यांची सेवा थांबवण्यात येईल.

पहिल्या ड्रायव्हरला पूर्ण पगार होता, दुसऱ्याला त्याच्या निम्माही नव्हता. हे कागदात लिहिलेलं नव्हतं, कारण ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आता कंपनीनं ठरवलं त्याले आपन काय करनार?" सत्यभामाबाई ब्रशावरचा कलप निथळत म्हणाल्या. "गुन काही घरी वाटले नाहीत."

"बाई, गाडी कोन चालवते?"

"चालवते भाऊजी, मी कुठं नाही म्हनते! पन चालवाले कोनीबी चालवते. मन शांत पायजे. भाऊजी पहिल्यापासूनच तापट." आणि नवऱ्याची हनुवटी धरून त्या म्हणाल्या, "हलू नका, सजग."

शीलाने वडा उलटवला. पगाराचं तिला वाईट वाटलं, पण तिची खरी भीती पगाराची नव्हती. मागच्या महिन्यात आदिलाबादजवळ गाडी रस्ता सोडून कपाशीच्या शेतात उतरली आणि पुन्हा वर आली होती. बाईने गुणही कापला नाही, कारण ब्रेक लागलाच नव्हता. घरी येऊन फुलचंदने जेवताना सांगितलं, "डोये उघडे होते, शीला. पन आतमदी कोनी नव्हतं." आणि मग त्याने लोणचं मागितलं. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती: त्या गाडीवर खराखुरा दुसरा माणूस. तसं ती पूनमसिंगला म्हणालीही होती. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, दुसरा हाय न. तुमच्याच घरी झोपते तो."

फुलचंद दहाच्या सुमारास आला. हैदराबादहून रातोरात गाडी आणून यार्डात लावली होती, आणि चार वाजता दुसरी घेऊन निघायचं होतं. रात्रभर झोप येऊ नये म्हणून त्याच्या तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा, खिडकीतून डोळ्यांवर पाण्याचा हबका, आणि अगदीच पापण्या मिटायला लागल्या की कच्ची हिरवी मिरची. त्यामुळे तो घरी येई तेव्हा लाल डोळ्यांनी, सुजलेल्या ओठांनी, कोणाशी तरी भांडून आल्यासारखा दिसे. पायरीवर बसून त्याने चहाचा कप घेतला, भावाच्या मिशीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय?"

"सत्कार हाय माहा," नागोराव म्हणाले.

"हं, पूनमसिंग बोलला." फुलचंदने चहात पाहिलं. "म्हंजे आता मी तुह्या हाताखाली."

"हाताखाली कायले म्हनतं, फुल्या? मार्गदर्शन लिहिलं हाय."

"कर मंग मार्गदर्शन. निर्मलच्या घाटात समोरून लाईट मारत कोनी आला, तर काय करू, सांग."

नागोरावांनी मिशी वाळली का ते बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "घाई करू नको."

प्रियंका हसली आणि आईने तिला डोळ्यांनी दाबलं.

"दादाजी," शीला पदराला हात पुसत बाहेर आली, "तुमी आज त्या मॅडमले खरं सांगा. म्हना, मले गाडी येत नाही, दुसरा मानूस द्या. तुमचं तर ऐकतीन आता."

"वा वा!" सत्यभामाबाई उसळल्या. "म्हंजे ह्यायचा सत्कार बी जाईन अन् भाऊजीची नोकरी बी. राह्यलं काय मंग? घरी दोन सायकली?"

"मी काय म्हनतो," नागोराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "सारं आयुष्य आबाचा बिल्ला पाहून काढलं. मले या घरात कोनी ड्रायव्हर म्हनलं काय? भिंतवाला म्हनलं. आज म्हनून राह्यले तं एक दिवस म्हनू द्या न. एकच दिवस." ते उठले, आत गेले आणि आबाजींच्या फोटोवरचा बिल्ला काढून सदऱ्याला लावून आले.

फुलचंदने कप खाली ठेवला.

"दादा, तुले तो एक गुन कायचा गेला ते सांगू? पाटनबोरीजवय डुक्कर आडवं आलतं. ब्रेक माराच लागला." तो भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बोलत होता. "नाही तं रात्री मी भल्ला हळू चालवतो. दिवसा माहं नाव असते, माहं नाव गेलं तं गेलं. रात्री तुहं असते."

नागोराव बिल्ल्याची पिन लावत तसेच उभे राहिले. आणखी काही येईल म्हणून शीला वाट पाहत होती, पण फुलचंद झोपला होता. चहाच्या कपावर माशी बसली, तरी त्याला कळलं नाही.

यार्डात मांडव घातला होता. नव्या कंटेनरला झेंडूच्या माळा होत्या, आणि त्याच्या बाजूला जुन्या टायरांवर बसलेले ड्रायव्हर टाळ्या वाजवायला आणले होते. बहुतेक जण बसल्या बसल्या झोपले होते. पूनमसिंग एकेकाला कोपराने ढोसत फिरत होता. आज तो फार घामाघूम होता. सत्कार होणार हे कळल्यापासून त्याने नागोरावांना दोनदा फोन करून बजावलं होतं: काका, तोंड उघडायचं नाही, हसायचं फक्त.

सेफ्टी मॅडम अपेक्षा पंचविशीच्या, चुणचुणीत आणि मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी गाडी कधी चालवली नव्हती, पण गाड्यांचे आलेख त्या रात्री उशिरापर्यंत पाहत. नागोरावांच्या आलेखाच्या त्या प्रेमात होत्या.

"तुम्हाला सांगते," त्या माईकवर म्हणाल्या, "काकांची रेषा बघितली ना, तर तळ्याचं पाणी वाटतं. एक तरंग नाही! आणि जागे असल्याचं उत्तर? दोन सेकंदांत. दरवेळी! आपल्याकडे दुसरं कोणी नाही असं. काका, काय रहस्य आहे तुमचं?"

नागोरावांच्या अंगावर शाल होती, हातात नारळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. त्यांना हसायचं फक्त, एवढं आठवत होतं. पण समोर माणसं होती, माईक होता, आणि छातीवर बिल्ला होता.

"जय भीम," ते म्हणाले. "रहस्य असं काही नाही. मी घाई करत नाही. अन् गाडीत बसल्यावर मी घरीच बसलो हाय, असं समजतो."

"ऐका!" अपेक्षा मॅडम गहिवरल्या. "घरी बसल्यासारखं! हा आत्मविश्वास!"

टायरांवरून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. शीलाच्या शेजारी सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना खरोखरच रडू येत होतं, आणि शीलाला राग येता येता राहिला. बाईमाणसाने पंचवीस वर्षं भिंतवाल्याची बायको म्हणून काढली होती. एक दुपार तिलाही हवी असणारच.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "काका ही नवी गाडी स्वतः गेटबाहेर काढतील. व्हिडिओ थेट बंगळूरच्या हेड ऑफिसला जाणार आहे."

पूनमसिंगच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. "मॅडम, जेवन थंड होऊन राह्यलं," तो म्हणाला. "पहिले जेऊन—"

"पाच मिनिटं, राठोडजी."

शीलाने यार्डाच्या गेटकडे पाहिलं. गेटच्या दोन्ही बाजूंना विटांचे खांब होते. खांबाशेजारी तिचा नवरा उभा होता, अर्धवट झोपेत, फेट्याचा गुंडाळा हातात धरून. तिच्या मनात आगाराची ती भिंत आली. "दादाजी," ती पुटपुटली, "नका चढू."

पण नागोराव चढले. शाल, नारळ, प्रमाणपत्र सगळं आधी सीटवर ठेवलं आणि मग स्वतः. वर बसल्यावर ते आबाजींसारखे दिसले, हे खुद्द फुलचंदलाही मानावं लागलं असतं. त्यांनी किल्ली फिरवली. डबीतून बाई बोलली, "नमस्कार. पहिले चालक नागोराव. आपल्या मोबाईलवर आलेले आकडे सांगा."

खिशातला मोबाईल किणकिणला. नागोरावांनी तो काढला, लांब धरून आकडे पाहिले. आणि मग त्यांच्या बोटांनी जे गेली दोन वर्षं दर संध्याकाळी केलं होतं तेच केलं. त्यांनी फोन लावला.

गेटजवळ फुलचंदचा मोबाईल वाजला. फुलचंदने अर्धवट झोपेत कानाला लावला. "हं, सांग दादा."

"घे फुल्या, लिही," नागोराव केबिनमधून खणखणीत आवाजात म्हणाले. "सात. तीन. तीन..."

"एक मिनिट. डायव्हरसन हाय, गाडी बाजूले घेऊ दे," फुलचंद खांबाला टेकून म्हणाला, आणि त्याने डावीकडे वळायला हात दाखवला.

सगळं यार्ड ऐकत होतं. माईक मॅडमच्या हातात चालूच होता. झोपलेले ड्रायव्हरसुद्धा जागे झाले होते, आणि ते एकमेकांकडे न पाहता आपापल्या चपलांकडे पाहत होते. कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एकेक नागोराव होता.

अपेक्षा मॅडमनी केबिनकडे पाहिलं. मग गेटकडे. मग पुन्हा केबिनकडे. आलेख वाचणाऱ्या बाईला एवढं वाचायला फार वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तळ्याचं पाणी हळूहळू उतरत गेलं.

"नेटवर्क," पूनमसिंग म्हणाला. "इकडे नेटवर्कचा फार त्रास हाय, मॅडम. समोरासमोर असले तरी फोन लावा लागते."

शीला कधी पुढे गेली ते तिलाच कळलं नाही. "मॅडम, तुमाले समजलं न?"

"काय समजलं?" मॅडमचा आवाज कोरडा झाला होता. माईक त्यांनी बंद केला. "ताई, काकांचं नाव हेड ऑफिसला मी पाठवलंय. माझ्या सहीनं. साठ गाड्यांतून मी निवडलंय त्यांना."

"मी तुमचं वाईट नाही करत. गाडीवर खराच दुसरा मानूस द्या, एवढंच म्हनते. माहा मानूस मरन एक दिवस, अन् तुमच्या डबीत ब्रेक बी नाही दिसनार."

मॅडमनी शीलामागे खांबाला टेकलेल्या फुलचंदकडे पाहिलं. शीलाला वाटलं, या पोरीला कळलंय. आणि कळलं होतंही. पण कळणं आणि सही मागे घेणं यांत नागपूर ते बंगळूरएवढं अंतर होतं.

"मी काही ऐकलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आजच्या फेरीला दोघंही गाडीत बसतील. प्रत्यक्ष. राठोडजी, माझ्यासमोर. पुढचं पुढे बघू." आणि व्हिडिओवाल्याकडे वळून म्हणाल्या, "उभ्या गाडीतला घे. काका, हात हलवा."

नागोरावांनी हात हलवला.

चार वाजता कंटेनर निघाला. स्टिअरिंगवर फुलचंद, ज्याला सकाळपासून झाली होती ती पायरीवरची अर्धी झोप. शेजारी नागोराव, ज्यांना गाडी लागते हे निघताना सत्यभामाबाईंना आठवलं. डबीत नाव नागोरावांचं. नागोरावांनी खिडकीतून शालीत गुंडाळलेला सगळा मान खाली दिला, नारळ, प्रमाणपत्र, सगळं. "घरी ठेव," ते बायकोला म्हणाले. "गाडीत कायले खराब कराचं." बिल्ला मात्र त्यांनी काढला नाही.

सूर्य मावळायला आला तेव्हा दोघी जावा ओसरीवर बसल्या होत्या. प्रियंका भिंतीवर प्रमाणपत्रासाठी खिळा ठोकत होती. तेवढ्यात शाल वाजू लागली.

सत्यभामाबाईंनी घडी उलगडली. आत नारळाशेजारी नागोरावांचा मोबाईल होता. त्यांनी कानाला लावला, आणि ओसरीवर ऐकू येईल एवढ्या गोड आवाजात बाई म्हणाली, "नमस्कार. जागे असाल तर एक दाबा."

"बाप्पा! इथंच राह्यला काय!" सत्यभामाबाईंचा अंगठा पुढे गेला.

शीलाने मनगट धरलं. "दाबू नका, बाई."

"काहून? गुन कटतीन ह्यायचे! नव्व्यान्नव हायेत!"

"कटू द्या. तीन डाव नाही दाबलं तं गाडी आपोआप हळू होते. बाजूले लावा लागते. सकायपर्यंत बाई चालूच होऊ देत नाही."

"मंग माल उशिरा पोचन. पैसे कापतीन."

"कापू द्या."

"तुले काय, कापू द्या म्हनाले! पहिला ड्रायव्हर कोन हाय आता?"

"तोच तं हाय न त्या गाडीत," शीला म्हणाली.

सत्यभामाबाईंचा अंगठा मागे आला. दोन वर्षं रात्री त्यांचा नवरा शेजारच्या खाटेवर असायचा, आणि एक दाबल्याचा आवाज ऐकत त्या पुन्हा झोपायच्या. कपाशीच्या शेताची गोष्ट त्यांनीही ऐकली होती, पण ती जावेच्या नवऱ्याची गोष्ट होती. फोन वाजून थांबला. मग दुसऱ्यांदा वाजू लागला. सत्यभामाबाई उठल्या, आत गेल्या, गव्हाच्या कोठीचं झाकण काढून मोबाईल आत खोल खुपसला, झाकण लावलं, आणि त्यावर जाऊन बसल्या.

"आई, हे काय?" प्रियंका हातोडी घेऊन दारात आली.

"तू खिळा ठोक."

तिसऱ्यांदा कोठी गुणगुणली, बऱ्याच वेळाने थांबली. आणि थोड्या वेळाने शीलाचा मोबाईल वाजला.

"शीला," फुलचंद म्हणाला. मागे बाईचा आवाज येत होता: गाडी बाजूला घ्या, गाडी बाजूला घ्या. "अवं, दादाचा फोन घरी राह्यला काय? बाई बोंबलून राह्यली. आदिलाबादच्या पुढं हावो, गाडी रांगून राह्यली."

शीलाने कोठीकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान हलवली, जोरात, दोनदा.

"मले तं नाही दिसला," शीला म्हणाली. "दादाजीलेच विचारा न."

"त्याले काय विचारू? टोलनाका सोडला तसा घोरून राह्यला. बिल्ला वाकडा झाला त्याचा, तरी उठला नाही." तो थांबला. "समोर ढाबा दिसते. जागा हाय लावाले. पन मग सकाय होईन, शीला. माल पोचत नाही."

"काय हाय मालात?"

"काय असते? कोनाच्या चपला. मोबाईलचे कव्हर. एक डबा हाय, त्याच्यावर नाजूक लिहिलं हाय, तो मघापासून उलटा पडला."

"ते परवा घालतीन चपला. तुमी लावा गाडी."

पलीकडून इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग खडीवर टायर वाजले, इंजिन बंद झालं, आणि बाई एकदम गप्प झाली. फुलचंद काहीतरी म्हणत होता, की गुण, की पूनमसिंग, की मॅडमला काय सांगायचं, पण वाक्य मध्येच लांबत गेलं आणि त्याच्या जागी श्वास ऐकू यायला लागला. फोन त्याने बंद केलाच नव्हता. शीलाने तो कानाशी धरून ठेवला. दोन घोरणं होती, एक थोरलं आणि एक धाकटं, आणि दोघं एकमेकांची वाट न पाहता घोरत होते.

"झोपले काय?" सत्यभामाबाईंनी कोठीवरून कुजबुजत विचारलं.

"दोघंही."

कोठी पुन्हा गुणगुणली, आता पूनमसिंग असावा. सत्यभामाबाई झाकणावर जरा सरकून, नीट मांडी घालून बसल्या.

"शीले," त्या म्हणाल्या, "सकायचे वडे उरले असतीन तं आन बरं. पिवये असले तरी चालतीन."